अकरा वेळा सांगोला

एसटीच्या जुन्या लाल गाड्यांत खिडक्यांच्या वर रंगानं आसनांचे मालक लिहिलेले असायचे. कुठं महिला, कुठं अपंग, कुठं वाहक आणि एखाद्या बाकावर विधिमंडळाचे सदस्य. गाडीत दांडीला लोंबकळत प्रवास करणाऱ्यांनी ही शेवटची पाटी हजारदा वाचली असेल आणि दरवेळी मनातल्या मनात हसले असतील. आमदार कशाला एसटीत बसतोय? कंडक्टरही त्या जागेवर खुशाल कुणालाही बसवायचा. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याच्या लोकांना मात्र त्या पाटीचं हसू येत नसे. त्यांचा आमदार एसटीनं फिरायचा, आणि एकदोन वर्षं नाही, पिढ्या बदलल्या तरी फिरायचा.

गणपतराव देशमुख. शेतकरी कामगार पक्षात, म्हणजे शेकापमध्ये, ते भाई गणपतराव, कारण त्या पक्षात लहानथोर सगळेच भाई. सांगोला तालुक्यात मात्र ते आबासाहेब. १९६२ ते २०१४ या काळात ते विधानसभेच्या तेरा निवडणुका लढले आणि त्यांपैकी अकरा जिंकले. अकराही वेळा मतदारसंघ एकच, पक्ष एकच. २०१९ साली वय नव्वदीपार गेल्यावर त्यांनी स्वतःहून सांगितलं की आता पुरे. महाराष्ट्राच्या विधानसभेत इतक्या वेळा निवडून गेलेला दुसरा माणूस नाही.

इथं एक दुरुस्ती करून पुढं जायला हवं. अकराव्या विजयानंतर अनेक ठिकाणी ‘देशातला विक्रम’ असं छापून आलं. ते खरं नाही, आणि आबासाहेबांच्या मोठेपणाला त्या विशेषणाची गरजही नाही. तमिळनाडूत करुणानिधी १९५७ पासून २०१६ पर्यंत तेरा वेळा विधानसभेवर गेले आणि एकदाही हरले नाहीत. मात्र कुळित्तलैपासून तिरुवारूरपर्यंत त्यांनी मतदारसंघ अनेकदा बदलले. केरळात के. एम. माणी पाला या एकाच मतदारसंघातून तेरा वेळा निवडून आले. मग सांगोल्याचं नवल कशात? करुणानिधी पाच वेळा मुख्यमंत्री झाले. माणी वर्षानुवर्षं अर्थमंत्री होते, केरळचे डझनभर अर्थसंकल्प त्यांनी मांडले. सत्ता हातात असली की रस्ता देता येतो, नोकरी देता येते, बदली करता येते आणि मतदार बांधून ठेवता येतो. गणपतरावांच्या हाती यातलं फारसं काही नव्हतं. अर्ध्या शतकाच्या आमदारकीत ते मंत्री झाले ते दोनदा, आणि दोन्ही वेळा मिळून जेमतेम चार वर्षं. बाकी सगळा काळ समोरच्या बाकावर. पाऊस नाही, पाणी नाही आणि आमदार सरकारात नाही, असा तालुका एकाच माणसाला अकरा वेळा का निवडून देतो, हा खरा प्रश्न आहे.

जन्म १९२६ चा, मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा. शिकून वकील झाले आणि सांगोल्यात येऊन राहिले. शेतकरी कामगार पक्ष तेव्हा ऐन भरात होता. १९४७-४८ च्या सुमारास केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांच्यासारखे बहुजन समाजातले पुढारी काँग्रेसमधून बाहेर पडले आणि त्यांनी हा पक्ष उभा केला. १९५० मध्ये दाभाडीच्या ठरावानं पक्षानं मार्क्सवादाची वाट धरली. पुढं जेधे, मोरे यांच्यासह बरेच नेते काँग्रेसमध्ये परतले. राहिले ते तालुक्यातालुक्यातले कार्यकर्ते, लाल झेंडा आणि एकमेकांना भाई म्हणायची सवय. परतायची वाट गणपतरावांनाही मोकळी होती. ती त्यांनी शेवटपर्यंत घेतली नाही. पक्षांतराला महाराष्ट्रानं ज्या सहजतेनं आपलंसं केलं आहे ते पाहिलं की ही साधी गोष्टही नोंदवून ठेवावीशी वाटते.

१९६२ ची निवडणूक ही संयुक्त महाराष्ट्र झाल्यानंतरची पहिली. विधानसभेच्या २६४ जागांपैकी २१५ काँग्रेसनं घेतल्या. शेकापला पंधरा मिळाल्या, त्यांत सांगोला होतं. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. विधानसभा भरायची ती कुलाब्याला, रीगल सिनेमाजवळच्या जुन्या इमारतीत, जिथं आज राज्याच्या पोलिसांचं मुख्यालय आहे. नरीमन पॉइंटचं आजचं विधानभवन १९८१ चं. गणपतराव दोन्हीकडं बसले. सभागृह २६४ चं होतं तेव्हा ते होते, २७० चं झालं तेव्हा होते, २८८ चं झालं तेव्हाही होते. यशवंतरावांपासून देवेंद्र फडणवीसांपर्यंतच्या मुख्यमंत्र्यांच्या कारकिर्दी त्यांनी सभागृहात बसून पाहिल्या. यात वजा करायची ती ठळक नावं दोनच, मनोहर जोशी आणि नारायण राणे. शिवसेना-भाजप युतीच्या त्या साडेचार वर्षांत गणपतराव सभागृहात नव्हते, कारण १९९५ ला ते हरले होते.

त्यांचे दोन्ही पराभव त्यांच्या विजयांइतकेच पाहण्यासारखे आहेत. पहिला १९७२ चा. बांगलादेशच्या युद्धानंतरची ती निवडणूक, इंदिरा गांधींची लाट जोरात, काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील निवडून आले. दोन वर्षांत काकासाहेबांचं निधन झालं आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत सांगोल्यानं गणपतरावांना पुन्हा पाठवलं. दुसरा पराभव १९९५ चा, शहाजीबापू पाटलांकडून. फरक फक्त १९२ मतांचा. एवढी माणसं एखाद्या मोठ्या लग्नाच्या एका पंगतीला बसतात. हेच शहाजीबापू पुढं २०२२ मध्ये गुवाहाटीच्या हॉटेलातून केलेल्या फोनवरच्या एका संभाषणामुळं, त्यातल्या झाडी-डोंगरांच्या वर्णनामुळं, महाराष्ट्राच्या घराघरांत पोचले. सांगोल्यात मात्र त्यांची ओळख फार जुनी आहे, आबासाहेबांना पुन्हापुन्हा भिडणारा गडी म्हणून. १९९९ ला गणपतराव परतले ते थेट मंत्री म्हणून, आणि मग सलग वीस वर्षं हलले नाहीत.

हिशेब केला तर १९६२ ते १९७२ ही दहा वर्षं, १९७४ ते १९९५ ही एकवीस आणि १९९९ ते २०१९ ही वीस. विधानसभा बरखास्त असतानाचे महिने सोडून दिले तरी पन्नाशीच्या आसपास भरतात.

आता तालुक्याकडं यायला हवं, कारण आमदार समजायचा तर आधी त्याची जमीन बघावी लागते.

सांगोला हा माणदेशाचा भाग. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त जो उघडा माळ, मेंढरं आणि दुष्काळात ओसाड होणारं गाव आहे, तो मुलूख इथून जवळच आहे. महाबळेश्वरला एका पावसाळ्यात पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि ढग पुढं येईतो रिकामे होतात. सांगोल्याच्या वाट्याला उरतो तो त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, तोही एका वर्षी येतो आणि दुसऱ्या वर्षी दडी मारतो. तालुक्यातून वाहणारी माण नदी वर्षातले बरेच महिने वाळूचा पट्टा असते. तरी जुने लोक या गावाला ‘सोन्याचं सांगोलं’ म्हणत. एके काळी इथली पेठ मोठी होती, आणि १७५० साली छत्रपती रामराजे व पेशवे यांच्यातला तो करारही इथंच झाला, ज्यानं मराठी राज्याचा कारभार साताऱ्याहून पुण्याच्या हाती गेला. सत्ता इथून एकदा अशी निघून गेली. त्यानंतर इथं गाजला तो जनावरांचा बाजार. खिलार बैल बघायला लांबून माणसं येतात. दुष्काळ पडला की हीच खिलारं चारा छावणीत दावणीला उभी राहतात आणि त्यांच्याबरोबर घरातलं एक माणूसही तिथंच मुक्कामाला असतं.

अशा तालुक्याच्या आमदारासमोर कामाची यादी लांब नसते. एकच काम असतं, आणि ते एका जन्मात होत नाही.

कृष्णेचं पाणी कुणी किती घ्यायचं हे बच्छावत लवादानं सत्तरच्या दशकात ठरवून दिलं. महाराष्ट्राला ५६० अब्ज घनफूट मिळालं. पण पाणी कागदावर मिळणं वेगळं आणि अडवून वापरणं वेगळं. ३१ मे २००० नंतर या वाटपाचा फेरविचार होऊ शकणार होता, म्हणजे तोवर वापरायची तयारी दाखवली नाही तर हक्काचं पाणी दुसऱ्या राज्याकडं जाण्याची भीती. कृष्णा खोऱ्याच्या वरच्या अंगाला, नदीकाठी ऊस डोलत होता. खालच्या अंगाला आटपाडी, सांगोला, जत, कवठे महांकाळ, माण, खटाव इथं प्यायचं पाणीही टँकरनं येत होतं. नव्वदच्या दशकात क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि गणपतराव यांनी तेरा दुष्काळी तालुक्यांना एकत्र केलं आणि आटपाडीला पाणी परिषदा भरवायला सुरुवात केली. त्यांची मागणी ऐकायला सोपी होती, पचायला अवघड. पाणी ज्याच्या बांधाला लागून वाहतं त्याचंच नाही. दुष्काळी भागातल्या प्रत्येक कुटुंबाला वाटणीनं मिळालं पाहिजे. याला समन्यायी पाणीवाटप म्हणतात. वाळव्याचे नागनाथअण्णा स्वतः कृष्णाकाठचे, उसाच्या पट्ट्यातले, साखर कारखाना काढलेले. त्यांनी दुष्काळी तालुक्यांसाठी उभं राहावं याचं मोल आटपाडी-सांगोल्याची माणसं आजही बोलून दाखवतात.

१९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं आणि त्याच वर्षी टेंभू योजनेला मंजुरी मिळाली. कराड तालुक्यातल्या टेंभू गावाजवळ कृष्णा अडवायची, तिथून पंपांनी पाणी उचलायचं, एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर, डोंगराला वळसे घालत, बोगद्यांतून, कडेगाव, खानापूर, तासगाव, आटपाडी असं करत सांगोल्यापर्यंत आणायचं. सुमारे ऐंशी हजार हेक्टरांना पाणी द्यायचा बेत. पाणी चढ चढतं हे पाहणं हाच एक सोहळा असतो. जाड पोलादी नळ्यांतून वर येऊन ते हौदात धबाधबा पडू लागलं की गावोगावची माणसं नारळ घेऊन येतात. इतक्या उंचीवर पाणी उचलायचं म्हणजे विजेचं बिल आलं, बिल थकलं की पंप बंद आले, आणि पैशांअभावी कामं वर्षानुवर्षं रखडणं तर ठरलेलंच. सांगोला कालव्याच्या शेपटाला. पाणी वरून निघालं की वाटेतले सगळे पिऊन झाल्यावर त्याचा नंबर.

योगायोग असा की १९९६ मध्ये, जेव्हा हे सगळं मंजूर होत होतं, तेव्हा गणपतराव त्या १९२ मतांमुळं सभागृहाबाहेर होते. त्या काळात त्यांची विधानसभा म्हणजे आटपाडीची पाणी परिषद. आणखी एक गंमत नोंदवतो. १९६२ ला ते पहिल्यांदा आमदार झाले तेव्हा मुख्यमंत्री कराडचे यशवंतराव चव्हाण होते. २०१२ ला आमदारकीच्या पन्नाशीनिमित्त त्यांचा सत्कार झाला तेव्हा मुख्यमंत्री कराडचेच पृथ्वीराज चव्हाण होते. आणि ज्या पाण्यासाठी मधली पन्नास वर्षं गेली ते टेंभूही कराड तालुक्यातच.

विरोधी बाकावरचा, तेही लहान पक्षाचा आमदार सभागृहात नेमकं करतो काय? बाहेरच्याला फक्त गोंधळ दिसतो, कागद भिरकावणं आणि वेलमध्ये उतरणं दिसतं. पण त्या गोंधळाखाली नियमांचं एक बारीक यंत्र चालू असतं आणि ते चालवायला अभ्यास लागतो. तारांकित प्रश्न द्यायचा, म्हणजे मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताला लेखी उत्तर मिळतं, पण त्यातले आकडे पुढच्या भांडणाला उपयोगी पडतात. उत्तर गुळमुळीत आलं तर त्यावर अर्धा तास चर्चा मागायची. प्रश्न तातडीचा असेल तर लक्षवेधी लावायची. अर्थसंकल्पातल्या मागणीवर कपात सूचना द्यायची, म्हणजे नाममात्र रक्कम कमी करा असं म्हणून त्या खात्याचा सगळा कारभार बोलण्याच्या कक्षेत आणायचा. औचित्याचा मुद्दा, हरकतीचा मुद्दा, नियम २९३ खालचा प्रस्ताव... ज्याच्यामागं शंभर आमदार आहेत त्याला यातलं फार यावं लागत नाही, आवाज पुरतो. ज्याच्या पक्षाचे तिघेच निवडून आलेत (२०१४ मध्ये शेकापचे तीनच होते) त्याला नियमांचं पुस्तकच हत्यार म्हणून वापरावं लागतं.

गणपतरावांबद्दल विधिमंडळाचं वार्तांकन करणाऱ्या पत्रकारांनी एकच गोष्ट वारंवार लिहिली आहे. कामकाज सुरू होताना ते जागेवर असत आणि संपेपर्यंत जागेवर असत. वाचताना ही फार मोठी गोष्ट वाटत नाही. पण संध्याकाळी सातनंतर एखाद्या विधेयकावर चर्चा चालली असताना प्रेक्षक सज्जात बसून ज्यानं खाली पाहिलंय अशा कुणालाही विचारा. दोनशेअठ्ठ्याऐंशीच्या सभागृहात तेव्हा डोकी बोटांवर मोजता येतात. त्या रिकाम्या बाकांत ऐंशी-पंच्याऐंशीचा एक माणूस कागद पुढ्यात घेऊन बसलाय हे दृश्य नव्या आमदारांना दडपण आणत असणार.

१९७७-७८ मध्ये ते विरोधी पक्षनेते होते. त्याच १९७८ च्या जुलैत शरद पवारांचं पुरोगामी लोकशाही दलाचं सरकार आलं आणि ते मंत्री झाले, शेकापचेच एन. डी. पाटील त्या सरकारात सहकारमंत्री होते. हे सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झालं. दुसरं मंत्रिपद १९९९ चं, विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात. पणन आणि रोजगार हमी ही खाती त्यांच्याकडं होती. २००२ मध्ये शेकापनं पाठिंबा काढून घेतला तसं तेही गेलं.

रोजगार हमी खातं त्यांच्याकडं आलं याला मला वेगळं महत्त्व वाटतं. १९७२ च्या दुष्काळात याच भागातली माणसं पाझर तलावांवर, रस्त्यांवर खडी फोडायला गेली होती. बायका पाटी उचलत, म्हातारी माणसं झाडाखाली पोरं सांभाळत, आणि संध्याकाळी मिळालेल्या मजुरीत सुकडी नाहीतर मिलो ज्वारी घरी यायची. त्या कामांतूनच रोजगार हमी योजनेचा कायदा झाला. १९७७ साली तो मंजूर झाला, १९७९ पासून अमलात आला. त्यामागची कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची, तेही शेजारच्या तासगाव भागातले. पैसा उभा राहावा म्हणून शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. आजही पगारपत्रकावर दर महिन्याला जी दोनशे रुपयांची कपात दिसते ती हीच. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून माणदेशातल्या मजुराला काम, असा तो व्यवहार. दिल्लीनं असा कायदा करायला २००५ साल उजाडलं. ज्यांच्यासाठी हे झालं त्यांच्यातलाच आमदार वीस वर्षांनी त्या खात्याच्या खुर्चीवर बसला.

सत्ता नसलेल्या काळात गणपतरावांनी जे उभं केलं त्यात सगळ्यांत अजब म्हणजे सूतगिरणी. सांगोल्यात कापूस पिकत नाही. तरी १९८० च्या सुमारास तिथं शेतकरी सहकारी सूतगिरणी निघाली. कापूस जिथं पिकतो तिथल्या कितीतरी सहकारी गिरण्या पुढं कर्जात बुडाल्या, यंत्रं गंजली, आवारात बाभळी उगवल्या. ही मात्र चालत राहिली. बाहेरून कापसाच्या गाठी यायच्या, त्या फोडून, पिंजून, विंचरून त्यांचे पेळू व्हायचे, चात्यांवर सूत निघून कोनांवर गुंडाळलं जायचं आणि गाठींऐवजी पेट्या बाहेर पडायच्या. तिन्ही पाळ्यांत तालुक्यातलीच पोरं. गिरणीत पाऊल ठेवलं की कानाला आधी घरघर कळते, मग हवेतला दमटपणा. सूत तुटू नये म्हणून तिथं मुद्दाम ओलावा राखावा लागतो. बाहेर चाळीस अंशांचं रखरखीत ऊन आणि आत सुतासाठी जपलेला ओलावा. आबासाहेब गिरणीत आले तर चहाचे पैसेही खिशातून देत, असं तालुक्यात सांगतात. गोष्ट तंतोतंत खरी असो वा सांगता सांगता वाढलेली, कुठल्या आमदाराबद्दल लोक कसल्या गोष्टी रचतात हीसुद्धा एक माहितीच आहे.

दुसरं सांगोल्याचं पीक डाळिंब. हे झाड म्हणजे या जमिनीसाठीच घडवलेलं. बहर धरायचा तर आधी त्याचं पाणी तोडावं लागतं. महिना-दीड महिना ताण द्यायचा, पानं पिवळी पडून गळू द्यायची, मग छाटणी, खत आणि पहिलं पाणी. त्या पाण्याबरोबर झाड फुलांनी लालभडक होतं. जिथं पाण्याची वानवाच आहे तिथल्या शेतकऱ्याला हे गणित लवकर जमलं. शेततळी झाली, त्यांना प्लास्टिकचं अस्तर लागलं, झाडाच्या बुडाशी ठिबकच्या नळ्या गेल्या. अजनाळ्यासारख्या गावात डाळिंबावर बंगले उभे राहिले. २०१६ मध्ये सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं. डिसेंबर २०२० मध्ये देशातली शंभरावी किसान रेल्वे पश्चिम बंगालातल्या शालिमारकडं सुटली ती सांगोला स्टेशनातून. एके काळी बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी ज्या मार्गावरून पंढरपूर-मिरज करायची, त्याच मार्गावरचं हे स्टेशन. अलीकडं तेल्या, मर आणि खोडात भोकं पाडणारी कीड यांनी बागा उपटायची वेळ आणली आहे. तेव्हा सगळं गोड आहे असं नाही.

गणपतरावांच्या विरोधकांचं म्हणणंही इथंच मांडलं पाहिजे. आमदार सतत विरोधात राहिल्यानं तालुका मागं पडला, शेजारचे तालुके कालव्यांनी भिजले आणि सांगोला परिषदा भरवत राहिलं, असं ते म्हणत आणि दर निवडणुकीत ते हजारो लोकांना पटतही असे. नाहीतर १९९५ घडलं नसतं. या म्हणण्यात तथ्य नाही असं मला वाटत नाही. सत्तेत जाऊन पाणी आधी आणता आलं असतं का? आलंही असतं. पण सत्तेतल्या आमदारांचे दुष्काळी तालुकेही तितकीच वर्षं टँकरवर होते, हेही त्याच वेळी समोर दिसतं. या वादाचा निकाल आकड्यांनी लागत नाही. मतपेटीनं अकरा विरुद्ध दोन असा दिला, एवढंच सांगता येतं.

२०१२ चा सत्कार हा सत्ताधारी आणि विरोधक दोघांनी मिळून केला. विधानसभेचा आमदार खरं तर निवृत्त होत नाही, तो हरतो किंवा त्याचं तिकीट कापलं जातं. विधान परिषदेत दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात म्हणून तिथं निरोपाची भाषणं ही रीतच पडली आहे. परवापर्यंत ज्याच्यावर आगपाखड केली त्याच्या गुणांचं वर्णन करताना गळा दाटतो. विधानसभेत असा प्रसंग दुर्मीळ. आणि सत्कार झाला म्हणून सत्कारमूर्ती घरी बसले असंही नाही. दोन वर्षांनी, २०१४ च्या मोदी लाटेत, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी ते पुन्हा उभे राहिले आणि पंचवीस हजारांवर मतांनी निवडून आले.

खरा निरोप २०१९ चा. तब्येत साथ देईना, ऐकायला कमी येऊ लागलं. आपण लढणार नाही असं त्यांनी जाहीर केलं. पक्षानं आधी दुसऱ्या एका कार्यकर्त्याचं नाव पुढं केलं. कार्यकर्ते बिथरले, बैठकीत रडारड झाली, आणि शेवटी आबासाहेबांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख उमेदवार झाले. आयुष्यभर घराणेशाहीपासून लांब राहिलेल्या माणसाच्या शेवटच्या वळणावर घरातलंच नाव पुढं यावं, हे काहींना खटकलं, आणि खटकण्यासारखंच आहे. पण ती मागणी वरून आली नव्हती, खालून आली होती, हेही तितकंच खरं. निकाल सांगोल्याच्या परंपरेला साजेसा लागला. शहाजीबापू पाटील ७६८ मतांनी निवडून आले. पुढं २०२४ मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी ती जागा परत घेतली. २८८ जणांच्या सभागृहात आज शेकापचा तो एकच माणूस आहे, आणि तो सांगोल्याचा आहे.

३० जुलै २०२१ च्या रात्री सोलापूरच्या रुग्णालयात गणपतराव वारले. पंच्याण्णवावा वाढदिवस अकरा दिवसांवर आला होता. दुसऱ्या दिवशी मृतदेह सांगोल्यात आणला गेला. करोनाचे दिवस, गर्दी करू नका असं सांगितलेलं. तरी गावोगावचे लोक तोंडाला रुमाल बांधून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे होते. शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले ते सूतगिरणीच्या आवारात.